ब्रायनचा नातू: एका आयरिश आडनावाची हजार वर्षे

मागच्या हिवाळ्यात भाचीने लिमरिकहून एक फोटो पाठवला. ती तिथे शिकायला गेली आहे आणि एका कुटुंबाकडे वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहते. फोटोत दाराशेजारची टपालपेटी होती आणि तिच्यावर शाईने लिहिलेली तीन नावे. वडिलांचे आडनाव 'ओ ब्रीअन', आईचे 'ई व्रीअन' आणि मुलीचे 'नी व्रीअन'. खाली भाचीचा प्रश्न होता: "मावशी, हे एक कुटुंब आहे की तीन? बँकेच्या खात्यावर तर ओब्रायन असं लिहिलंय!"

कुटुंब एकच आणि आडनावही एकच. पण ते एक कसे, हे सांगायला मला हजार वर्षे मागे जावे लागले. फोनवर सगळे सांगून झाले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. आता आपली बरीच मुले डब्लिन, कॉर्क, लिमरिकला शिकायला किंवा नोकरीला जातात आणि तिथल्या पाट्यांवरची ही नावे पाहून गोंधळतात. त्यांनाही उपयोग होईल.

२०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावात आनंद झाला, कारण त्यांचे वडील तिथले. आपल्याला 'वराडकर' समजवावे लागत नाही. वराडचे ते वराडकर. आडनावात गाव असणे आपल्या अंगवळणी पडले आहे. गेलिक आडनाव मात्र सहसा गाव सांगत नाही. 'तू कुणाचा?' या प्रश्नाचे ते उत्तर असते, आणि त्या उत्तरात एका माणसाचे नाव येते. गेलिक म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग आणि त्यांच्यामधले मॅन बेट इथल्या, एकमेकींच्या बहिणी शोभतील अशा भाषा आणि त्या बोलणारा समाज. आयर्लंडमधल्या गेलिक भाषेला मी पुढे सरळ आयरिश म्हणणार आहे.

टपालपेटीवरची तीन नावे

आधी पेटीचे कोडे सोडवू. आयरिशमध्ये 'ओ' म्हणजे नातू. व्यापक अर्थाने, वंशज. जुने रूप 'उआ' असे होते. 'मॅक' म्हणजे मुलगा. म्हणजे 'ओ ब्रीअन' हा 'ब्रायनचा नातू' असा साधा षष्ठीचा प्रयोग आहे. ब्रायन हे इंग्रजी वळणाचे उच्चारण, आयरिशमध्ये ते ब्रीअनच्या जवळ जाते.

आता मुलगी नातू कशी असेल? म्हणून तिच्या नावाआधी 'नी' येते. ते 'वंशजाची मुलगी' या अर्थाच्या दोन शब्दांचे आखूड रूप आहे. लग्न होऊन आलेल्या बाईच्या नावाआधी 'बॅन ई', म्हणजे 'वंशजाची बायको'. यातला 'बॅन' बऱ्याचदा गळतो आणि 'ई' उरते. मॅकच्या घराण्यांतही असेच: मुलगा 'मॅक', मुलगी 'निक', सून 'विक'. लग्नानंतर माहेरचे 'नी' तसेच ठेवणाऱ्या बायकाही आज पुष्कळ आहेत.

ब चा व का झाला? मराठीत शब्दाला विभक्ती लागली की शेपूट बदलते. आंबा, पण आंब्याचा. घोडा, पण घोड्याला. आयरिशमध्ये शेपटाबरोबर तोंडही बदलते. ठरावीक शब्दांनंतर पुढच्या शब्दाचा पहिला व्यंजन मऊ पडतो: ब चा व होतो, म चाही व होतो. व्याकरणकार याला मृदूकरण म्हणतात. आपल्याकडे 'आंब्याचा' ऐकून कुणी 'हे वेगळे फळ दिसते' असे म्हणत नाही, तसे आयरिश माणूस 'व्रीअन' वाचून वेगळे घराणे समजत नाही. हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आडनावाचं सामान्यरूप!" अगदी तेच.

इंग्रजीत लिहिताना ही सगळी रूपे पुसली जातात आणि आई, बाप, लेक तिघेही ओब्रायन होतात. बँकेला तेवढेच माहीत असते.

हा ब्रायन कोण?

ब्रायन बोरू. दहाव्या शतकात आयर्लंडच्या नैऋत्येला, शॅनन नदीच्या काठी 'दाल गॅश' नावाचे एक मध्यम ताकदीचे कूळ होते. आजच्या नकाशात त्यांचा मुलूख म्हणजे मुख्यतः क्लेअर परगणा. लिमरिकहून शॅननच्या काठाने वर गेले की किलालू गाव लागते. तिथे किनकोरा नावाचा ब्रायनचा वाडा होता. त्या उंचवट्यावर आता चर्च आहे. गावाच्या उत्तरेला, सरोवर जिथे नदीत उतरते त्याच्या अलीकडे, झाडांनी झाकलेला मातीचा एक भलामोठा गोल बांध आहे. त्याचे नाव बेल बोरुमा. 'बोरू' हे उपनाव याच जागेवरून आले असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे बोरू म्हणजे गुरांच्या रूपाने वसूल केलेली खंडणी.

ब्रायनचा थोरला भाऊ राजा होता. ९७६ साली तो मारला गेला आणि ब्रायन गादीवर आला. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याने एकेक प्रांत पायाखाली घातला आणि १००२ साली तो सगळ्या आयर्लंडचा अधिराजा झाला. तोवर ते पद बहुतेक वेळा उत्तरेच्या ई नील (इथे 'ई' म्हणजे 'वंशज', नीलचे वंशज) कुळाकडे असे. त्यांच्या हातून ते हिसकावणारा हा दक्षिणेचा, तुलनेने लहान घरचा माणूस. २३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडेच्या दिवशी डब्लिनजवळ क्लॉनटार्फला लढाई झाली. समोर पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताचा राजा आणि डब्लिनचे नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोक होते. ब्रायनच्या बाजूने लढाई जिंकली गेली, पण म्हातारा ब्रायन आणि त्याचा मुलगा मुर्चाड दोघेही पडले. ब्रायनला उत्तरेतल्या आर्मा या धर्मपीठाच्या गावी पुरले.

आता महत्त्वाची गोष्ट. ब्रायन बोरू हा ओब्रायन नव्हता. माणूस स्वतःचाच नातू कसा असेल? त्याला आडनावच नव्हते.

याचा माझा आवडता पुरावा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. नवव्या शतकात लिहिलेली एक लॅटिन पोथी, 'आर्माचे पुस्तक' या नावाने ओळखली जाणारी. १००५ साली ब्रायन आर्माला गेला आणि तिथल्या वेदीवर त्याने वीस औंस सोने ठेवले. त्याच भेटीत त्याच्या चिटणिसाने या पोथीत, एका पानावर रिकाम्या राहिलेल्या जागेत, काही ओळी लिहिल्या. शेवटी त्याने लिहिले की हे मी 'ब्रायन, स्कॉटांचा सम्राट' याच्या समक्ष लिहिले. (त्या काळच्या लॅटिनमध्ये स्कॉट म्हणजे आयरिश लोक.) चिटणिसाने आपली सहीही केली आहे: काल्वुस पेरेन्निस. हे 'मेल सुहन' या त्याच्या आयरिश नावाचे शब्दशः लॅटिन, अर्थ 'कायमचा टकला'. आज कुणी आपल्या नावाचे असे भाषांतर करणार नाही, पण त्या काळी नाव हा अर्थ असलेला शब्द होता आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. सम्राटाचे नाव म्हणून मात्र त्या ओळीत एकच शब्द आहे, ब्रायन. बिरुद आहे, पण आडनाव नाही.

गरज पडली तर त्याला 'ब्रायन मॅक केनेटिग' म्हणत, म्हणजे केनेटिगचा मुलगा ब्रायन. अजून खोलात जायचे तर 'केनेटिगचा मुलगा, लॉर्कनचा नातू'. आपण मधल्या नावात वडील घालतो, तसेच. फरक इतकाच की आपण त्यापुढे आडनाव लावतो आणि दर पिढीत फक्त मधले नाव बदलतो. त्यांच्याकडे शेवटी टिकणारे असे काही नव्हते.

मग आजोबांचे नाव गोठले कसे?

एका घराण्यात हे घडताना जवळजवळ तारीखवार पाहता येते.

ब्रायनचा मुलगा डोनॉख. जुन्या नोंदींत तो 'डोनॉख मॅक ब्रीअन' आहे, म्हणजे ब्रायनचा मुलगा, खराखुरा. त्याचा भाऊ टाइग. १०२३ साली टाइगचा खून झाला आणि तो डोनॉखने करवला असे नोंदी सांगतात. टाइगचा मुलगा टर्लॉ मोठा झाला, लेन्स्टरच्या राजाशी त्याने हातमिळवणी केली आणि १०६३ साली काकाला गादीवरून खाली खेचले. डोनॉख रोमला तीर्थयात्रेला गेला आणि तिथेच वारला. हा टर्लॉ नोंदींत 'टर्लॉ उआ ब्रीअन' आहे. तोही खरोखरचा नातू, त्यामुळे इथपर्यंत काहीच नवे नाही.

१०८६ साली टर्लॉ वारला आणि त्याचा मुलगा मर्टॉख राजा झाला. हा ब्रायनचा पणतू. जुन्या रीतीप्रमाणे तो 'मॅक टर्लॉ' व्हायला हवा होता. पण तो 'मर्टॉख उआ ब्रीअन' म्हणूनच प्रसिद्ध झाला. पणतू असून नातू! बरोबर या ठिकाणी एका वाक्याचे आडनाव झाले. ११०१ साली कॅशेलचा खडक, म्हणजे तिथली राजांची जुनी गढी, चर्चला दान देणारा राजा हाच. त्यानंतर खापरपणतू, त्याचा मुलगा, त्याचा नातू, सगळेच 'ब्रायनचा नातू' म्हणवू लागले, ते आजतागायत.

पण वडिलांना सोडून आजोबांना का धरले? याचे उत्तर भाऊबंदकीत आहे, आणि मराठी माणसाला ते दोन वाक्यांत कळेल. गेलिक समाजात गादी थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. एका सामाईक पणजोबाच्या वंशातल्या कोणत्याही कर्त्या पुरुषाला तिच्यावर हक्क सांगता येई. भाऊ, पुतणे, चुलतभाऊ, सगळेच दावेदार. मग कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणारी रेघ लागतेच. एकूण कूळ, म्हणजे दाल गॅश, फार मोठे. त्यात शेकडो घरे. पण 'मी ब्रायनचा' असे म्हटले की ब्रायनच्या भावांची पोरे, दूरचे भाऊबंद, सगळे एका शब्दात बाहेर. शिवाय बाप साधा असू शकतो, आजोबा अधिराजा होता. वारसाहक्काचा दाखला म्हणून आजोबाच कामाचा. आडनाव हा त्या काळचा सातबाराचा उतारा होता असे मला वाटते. ते कुणी लावायचे यावरून जमीन आणि गादी ठरत होती.

हे फक्त ब्रायनच्याच घरी झाले असे नाही. गॉलवेच्या दक्षिणेकडच्या 'ओ क्लेरी' या आडनावाची नोंद दहाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या पिढीजात आडनावांत ते गणले जाते. बाराव्या शतकापर्यंत बहुतेक मोठ्या घराण्यांची आडनावे गोठून गेली होती.

आडनाव हेच पद

पुढे एक मजेदार टप्पा येतो. राजा व्हायचे म्हणजे काय? तर 'ओ ब्रीअन' व्हायचे. घराण्यात टाइग ओ ब्रीअन, कोनर ओ ब्रीअन असे पन्नास जण असतील, पण पहिले नाव न लावता नुसते 'ओ ब्रीअन' म्हणवून घेण्याचा अधिकार एकालाच. पूर्व क्लेअरमध्ये क्विन गावाजवळ 'मॅग एर' नावाचा एक सपाट माथ्याचा टेकाड आहे. घराण्याच्या प्रमुखाचा अभिषेक तिथे होई. तिथे एक पवित्र वृक्षही होता. ब्रायनच्या काळात, ९८० च्या सुमारास, त्याच्या शत्रूने स्वारी करून तो वृक्ष मुळासकट उपटला होता. गादीवर घाव घालायचा तर तो अशा जागी घालायचा, हे दोघांनाही ठाऊक होते.

म्हणूनच सोळाव्या शतकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने आयरिश सरदारांना वाकवताना पहिला हात घातला तो नावाला. १५४१ साली तो स्वतःला आयर्लंडचा राजा म्हणवू लागला. त्याचा प्रस्ताव असा: तुमची जमीन मला अर्पण करा, मी तीच तुम्हाला परत देतो, पण आता इंग्रज कायद्याने, माझा सरदार म्हणून. आणि तुमचे गेलिक बिरुद सोडा. १ जुलै १५४३ रोजी लंडनजवळ ग्रिनिच इथे मरो ओब्रायन थॉमंडचा अर्ल झाला. अर्ल हा इंग्रज सरदारकीचा किताब. थॉमंड म्हणजे मन्स्टर या नैऋत्येच्या प्रांताचा उत्तर भाग, ब्रायनच्या वंशजांचे राज्य. काल जो 'ओ ब्रीअन' होता तो आज अर्ल. जमीन तीच, माणूस तोच. पण गादी आता भाऊबंदांतून निवडून येणार नव्हती, इंग्रज कायद्याने बापाकडून मुलाकडे जाणार होती. एका नावाबरोबर अख्खी व्यवस्था गेली.

या तडजोडीमुळे ओब्रायन टिकले, हेही सांगायला हवे. उत्तरेचे ओनील लढले आणि त्यांची सत्ता गेली. थॉमंडचे अर्ल १६०१ च्या किनसेलच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने होते. भाची बनरॅटीचा किल्ला पाहून आली, तो याच अर्लांचा. ड्रोमोलँडचा ओब्रायनांच्या दुसऱ्या शाखेचा वाडा आता हॉटेल आहे. आयर्लंडमध्ये इंग्रजांशी केलेल्या तडजोडीबद्दल ओब्रायनांना दोष देणारे आहेत आणि त्यांची बाजू घेणारेही. मला त्यांना एका शब्दात निकालात काढता येत नाही. त्याच घराण्यातला विल्यम स्मिथ ओब्रायन १८४८ साली इंग्रजांविरुद्ध उठावाला उभा राहिला आणि त्याला आजच्या तस्मानियाला हद्दपार केले गेले.

'ओ' च्या डोक्यावरचा तो स्वल्पविराम कुठून आला?

इंग्रजीत ओब्रायन लिहिताना 'ओ' नंतर वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे एक चिन्ह येते. आयरिशमध्ये ते नाहीच. तिथे 'ओ' या रोमन अक्षरावर एक तिरपी रेघ असते. तिला 'फाडा' म्हणतात, अर्थ 'लांब'. आपल्या दीर्घ वेलांटीचेच काम ती करते. त्यानंतर मोकळी जागा सोडून पुढचा शब्द. इंग्रज कारकुनांच्या लिपीत ही रेघ नव्हती. त्यांनी 'ओ' लिहिला, त्याच्या खांद्याशी वर एक चिन्ह टाकले आणि नाव चिकटवून टाकले. पुढे लोकांना वाटू लागले की इथे काहीतरी गाळले आहे, 'ओ' म्हणजे इंग्रजीतला 'चा' या अर्थाचा शब्द असावा. तसे नाही. गाळलेले काही नाही, शब्द पुराच आहे आणि त्याचा अर्थ नातू. संगणकाच्या अर्जात हे चिन्ह बसत नाही म्हणून ओब्रायन मंडळींना आजही ठिकठिकाणी त्रास होतो.

पण 'मॅक' तर स्कॉटिश ना?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ओ म्हणजे आयरिश आणि मॅक म्हणजे स्कॉटिश, ही समजूत अर्धवट खरी आहे. स्कॉटलंडमध्ये 'ओ' ची आडनावे फारशी रुजली नाहीत, एवढा भाग बरोबर. पण मॅक दोन्हीकडे आहे, कारण भाषा मुळात एकच. मॅकार्थी, मॅकनमारा ही अस्सल आयरिश घराणी. मॅकनमारा म्हणजे 'समुद्राच्या शिकारी कुत्र्याचा मुलगा', आणि तेही दाल गॅश कुळातलेच. आखूड 'मक' आणि पुरा 'मॅक' यांवरून धर्म किंवा देश ओळखता येतो असेही काही जण सांगतात. तो केवळ लिहिण्याचा संक्षेप आहे, आपण 'श्रीमान' चे 'श्री.' करतो तसा.

आडनाव बदलण्याचा कायदा

आडनाव हा ओळखीचा कणा आहे हे राज्यकर्त्यांनाही कळत होते. १४६५ साली डब्लिन आणि आसपासच्या इंग्रज अमलातल्या प्रदेशासाठी एक कायदा झाला. तिथल्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यायचे. एखाद्या गावाचे घ्या, नाहीतर रंगाचे, जसे व्हाइट, ब्लॅक, ब्राउन. किंवा धंद्याचे, जसे स्मिथ, कारपेंटर. किंवा हुद्द्याचे, जसे कुक, बटलर. गाव, रंग, धंदा, हुद्दा, काहीही चालेल. फक्त आजोबा नको!

तो कायदा फार दूरवर पोचला नाही, कारण इंग्रज अंमलच तेव्हा फार दूर पोचत नव्हता. खरी गळती सतराव्या आणि अठराव्या शतकात लागली. जमिनी गेल्या, कॅथलिकांवर जाचक कायदे आले, कचेरीची भाषा इंग्रजी झाली. 'ओ' लावणे म्हणजे मी जुन्या वळणाचा, असे कपाळावर लिहून घेण्यासारखे झाले. लोकांनी तो गुपचूप सोडून दिला. ओ सुलिव्हनचे सुलिव्हन, ओ केलीचे केली. काहींनी अर्थाचे भाषांतर केले. 'मॅक गव्हन' म्हणजे लोहाराचा मुलगा, तो स्मिथ झाला. उत्तरेकडच्या कॅव्हन परगण्यात अशी स्मिथ घराणी पुष्कळ आहेत. त्यांचे इंग्लंडशी रक्ताचे नाते नाही.

ओब्रायनांचा 'ओ' मात्र बराच चिवट निघाला. १८९० सालच्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने आयर्लंडमधल्या आडनावांची क्रमवारी लावली. त्यात मर्फी, केली, सुलिव्हन, वॉल्श, स्मिथ आणि मग सहाव्या क्रमांकावर ओब्रायन. त्या पहिल्या दहांत 'ओ' टिकवलेली आडनावे दोनच, ओब्रायन आणि ओनील. सुलिव्हन आणि कोनर तेव्हा ओशिवायच होते. राजघराण्याचा आब हे त्याचे एक कारण असावे, असा माझा कयास.

१८९३ साली डग्लस हाइड, ओन मॅकनील आणि त्यांच्या सोबत्यांनी आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन केली. शिकलेल्या तरुणांनी आपली आडनावे आयरिशमध्ये लिहायला सुरुवात केली आणि गळालेले 'ओ' परत आले. दोन पिढ्यांपूर्वी आजोबा सुलिव्हन होते आणि नातू ओसुलिव्हन, अशी घरे आज तिथे सर्रास दिसतात. हाइड पुढे १९३८ साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

म्हणजे सगळे ओब्रायन राजाचे वंशज?

भाचीच्या घरमालकांचा तसा ठाम विश्वास आहे. मी त्यांना मोडता घालणार नाही. पण उत्तर सरळ 'हो' नाही.

एक तर, आवाजाने जवळची निराळी नावे कारकुनाच्या लेखणीखाली एकमेकांत मिसळली. मॅक ब्रायन वेगळे, किलकेनीकडचे नॉर्मन वंशाचे ब्रायन वेगळे. इंग्रजी कागदावर ती सहज एकसारखी दिसू लागतात. हजार वर्षांत दत्तक गेलेले, आईचे नाव लावलेले, आश्रयाला येऊन धन्याचे आडनाव घेतलेले, असेही लोक असणारच.

दुसरे, राजाचे वंशज असून ओब्रायन नसलेलेही आहेत. वर सांगितलेल्या मर्टॉखचा एक मुलगा मॅहन. त्याच्या वंशजांनी स्वतःची रेघ ओढली आणि ते मॅकमॅहन झाले. म्हणजे क्लेअरचे मॅकमॅहन हे मुळात ओब्रायनच. पण मोनाहन परगण्यातले मॅकमॅहन? त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. तिथला मॅहन वेगळा. ओकोनर तर निदान चार ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. आणि केनेडी? ते आडनाव ब्रायनच्या पुतण्यावरून आले असे वंशावळी सांगतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी जून १९६३ मध्ये आयर्लंडला आले, तेव्हा ओब्रायनांना तो भाऊबंदच वाटला असेल.

आनुवंशिक चाचण्यांचे काय? बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात काही खुणा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. 'एल २२६' नावाची एक खूण दाल गॅश कुळातल्या आडनावांच्या पुरुषांत मोठ्या प्रमाणात सापडते, ओब्रायनांतही. यावरून कूळ कळते. पण ही खूण ब्रायनच्या आधीची आहे, त्यामुळे ती सापडली म्हणजे ब्रायनच सापडला असे होत नाही. त्याच्या भावाचा किंवा चुलत्याचा वंशजही तीच खूण घेऊन फिरतो. शिवाय ही वाट फक्त बाप, त्याचा बाप, त्याचा बाप अशी जाते. तीस पिढ्यांमागे प्रत्येकाचे पूर्वज कागदावर अब्जांच्या घरात जातात, आणि त्यातली ही एकच ओळ. आईच्या, आजीच्या बाजूने ब्रायनचे रक्त आलेले लोक आयर्लंडभर पसरलेले असणार आणि त्यांची आडनावे काहीही असतील.

कागद का सापडत नाहीत?

सामान्य ओब्रायनाला आपली वंशावळ फार तर दोनशे वर्षे मागे नेता येते. कारण दुःखद आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतले सरकारी दफ्तर स्फोट आणि आगीत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. मधल्या काळात, १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. म्हणजे ज्या पिढीत घरे विखुरली त्याच पिढीचे कागद जळाले. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आजोबांचे गाव शोधत येणारे लोक त्या भिंतीला येऊन धडकतात. मग १९०१ आणि १९११ ची शिल्लक राहिलेली जनगणना आणि त्याआधीच्या जमीन मोजणीचे तक्ते, एवढ्यावर भागवावे लागते.

ओब्रायन आपल्याकडेही आहेत. राज्यसभेतले खासदार डेरेक ओब्रायन हे कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातले. बंगालीत, हिंदीत, मराठीत त्यांचे आडनाव छापताना ना फाडा लागत, ना ते इंग्रजी चिन्ह. देवनागरीत ओ मुळातच दीर्घ आहे.

नाताळच्या आधी भाचीने घरमालकिणीला शुभेच्छापत्र द्यायचे ठरवले आणि मला फोन केला. आता नवा पेच होता. हाक मारताना काय लिहायचे? आपल्याकडे 'मुलगा' हाक मारताना 'मुला' होतो, तसे आयरिशमध्येही संबोधन आहे. आधी 'अ' लागतो आणि पुढचे पहिले अक्षर पुन्हा मऊ पडते. 'बॅन' ची 'व्हॅन' होते. तिने तीन वेळा कच्च्या कागदावर गिरवले आणि मग पत्रावर लिहिले: 'अ व्हॅन ई व्रीअन'. पत्र वाचून त्या बाई दारातच थांबल्या, तिला आत बोलावून चहा दिला आणि विचारले, "आता तुझ्या आडनावाचा अर्थ सांग."